हजेरीपटावरचं शेवटचं नाव

वाचकाचं पत्र (जुलै २०२५), थोडक्यात:

आम्ही सिंहगड रस्त्याच्या बाजूला भाड्याने राहतो. गेल्या दिवाळीत मिस्टरांची कंपनी बंद पडली आणि त्याच आठवड्यात गावी, माण तालुक्यात, सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. खोली सोडून आम्ही गावी गेलो. मुलगा तेव्हा सातवीत होता, अनुदानित शाळेत, सेमी इंग्रजीला. दाखला काढून गावच्या शाळेत नाव घातलं, पण डिसेंबरनंतर तो गेलाच नाही. मीही रेटा लावला नाही. मी पोल्ट्रीवर कामाला जात होते आणि आजोबांजवळ कुणीतरी लागायचंच. उरलेला वेळ तो चुलत्याच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काढायचा. एप्रिलमध्ये सासरे गेले. मेअखेर आम्ही पुण्यात परतलो, मिस्टरांना नऱ्ह्यात काम मिळालं. शाळा १६ जूनला सुरू झाल्या, मुलगा अजून घरीच आहे. जुन्या शाळेतले सर म्हणाले, सातवी पुन्हा करू दे, आठवीला आता परीक्षा असते, नापास होईल. आणि आधी गावचा दाखला आणा. मुलगा म्हणतो, लहान पोरांत बसणार नाही, आणि आठवीतही नको. त्याला तेरा पूर्ण झालीत. जाऊबाई म्हणतात, नवीन धोरण येतंय, सगळा अभ्यासक्रम बदलणार, एक वर्ष घरी ठेव आणि मग नव्या पुस्तकांनीच सुरुवात कर. क्लासवाले म्हणतात, शाळेचा नाद सोडा, सतरा नंबर फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, थेट दहावी करा. पोराचं वर्ष मी माझ्या हाताने वाया घालवलं, हे डोक्यातून जात नाही. काय करू?

ताई,

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. त्याला आठवीत घाला, आणि याच आठवड्यात घाला. जुन्या शाळेत झालं तर उत्तम, नाही तर चालत जाता येईल अशा दुसऱ्या शाळेत. पण आषाढीनंतर बघू, श्रावण लागला की बघू, असं करू नका.

जाऊबाईंचा सल्ला वाईट हेतूने आलेला नाही. गेले तीन महिने पेपर उघडला की शाळेचीच बातमी. १६ एप्रिल २०२५ ला शासन निर्णय आला, पहिलीपासून हिंदी. ओरड झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय. रविवारी, २९ जूनला, दोन्ही निर्णय मागे, आणि मग त्यावर अर्थतज्ज्ञ डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती. एवढं सगळं ऐकल्यावर कुणालाही वाटेल की थोडं थांबावं, धुरळा बसू द्यावा. पण हा धुरळा पहिलीच्या वर्गातला आहे. तुमचा मुलगा पाचवीपासून हिंदी शिकतोच आहे. त्या गदारोळातला एक शब्दही त्याच्या दप्तराला शिवत नाही.

राहिला अभ्यासक्रम. एप्रिलच्या त्याच निर्णयात जाहीर झालेल्या नव्या अभ्यासक्रमाच्या वेळापत्रकात यंदा, म्हणजे २०२५-२६ ला, फक्त पहिली आहे. पुढच्या वर्षी दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी. २०२७-२८ ला पाचवी, सातवी, नववी, अकरावी. आठवी, दहावी, बारावी सगळ्यांत शेवटी, २०२८-२९ ला. तो निर्णयच मागे घेतल्यावर या तारखा किती टिकतात ते दिसेलच, पण नवी पुस्तकं खालच्या वर्गांकडून वर येणार, हा क्रम काही बदलत नाही. आता बोटं मोजा. मुलगा यंदा आठवीत गेला तर २०२७-२८ ला दहावी देईल, जुन्याच पुस्तकांवर, जी शिक्षकांना तोंडपाठ आहेत आणि ज्यांच्या प्रश्नपत्रिका रद्दीच्या दुकानातही मिळतात. त्याला वर्षभर घरी ठेवलं किंवा सातवीत बसवलं, तर हेच वेळापत्रक त्याला नव्या नववीच्या पहिल्या तुकडीत नेऊन सोडेल आणि पुढच्या वर्षी नव्या दहावीच्याही पहिल्या तुकडीत. मी चौतीस वर्षं गणित शिकवलं, त्यात तीन वेळा पुस्तक बदललं. पहिल्या वर्षी शिक्षकही आदल्या रात्री तो धडा वाचून येत असतो, हे आता निवृत्त झाल्यावर सांगायला हरकत नाही. ज्याचा पाया पक्का आहे त्याला त्या वर्षी फरक पडत नाही. जो आधीच एका पायावर उभा आहे, त्याला मुद्दाम तिथे कशाला न्यायचं?

आणि धोरणांचं म्हणाल तर आठवून बघा, तुमच्या मुलाच्या सहावीच्या पुस्तकांत प्रत्येक धड्यानंतर कोरी पानं होती. दप्तराचं ओझं कमी करायला २०२३-२४ मध्ये ती आली आणि यंदा गेलीसुद्धा. माझ्या शेजारच्या पोराने त्या पानांवर आयपीएलचे स्कोअर लिहिले होते. मूल एकदाच सहावीत असतं. योजना स्थिरस्थावर होण्याची वाट ते बघू शकत नाही.

तुमच्या मुलाच्या कामाचा कायदा नवा नाहीच. तो २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला, आणि खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांपलीकडे त्याची आठवण फार कुणी काढत नाही. शिक्षण हक्क कायदा. त्यात चौथं कलम नेमकं अशा मुलांसाठी आहे ज्यांची शाळा मध्येच सुटली. मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात घ्यायचं आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढायला शाळेने विशेष प्रशिक्षण द्यायचं, किमान तीन महिने, गरज पडली तर दोन वर्षांपर्यंत. आधी तयारी आणि मग वर्ग, असा क्रम तिथे नाही. वर्गात बसायचं आणि बसून तयारी करायची.

याच कायद्यात हेही आहे की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शाळा सुरू होऊन गेली, या कारणानेही अडवता येत नाही. आणि आठवीपर्यंत, पाचवी-आठवी सोडून, कोणत्याही इयत्तेत मुलाला मागे ठेवता येत नाही, त्यामुळे ‘सातवी पुन्हा’ हा पर्याय कायद्याच्या पुस्तकात नाहीच. आता सगळ्यांत महत्त्वाचं: हा कायदा सहा ते चौदा वयाचा आहे. तुमच्या मुलाला तेरा पूर्ण झालीत. चौदाच्या आत आठवीत त्याचं नाव लागलं की मध्ये चौदावा वाढदिवस आला तरी आठवी पूर्ण होईपर्यंत त्याचं मोफत शिक्षण चालू राहतं. एक वर्ष घरी थांबलात तर तो या छत्रीबाहेर गेलेला असेल. जाऊबाईंना हे सांगा. थांबण्याला किंमत आहे, आणि ती पुढच्या जूनमध्ये परत मिळत नाही.

पाचवी, सहावीची प्रगतिपुस्तकं शोधून ठेवा. आठवीत वयानुरूप प्रवेश देताना पाचवी उत्तीर्ण असल्याचं बघतात. गावच्या शाळेने सातवीच्या निकालपत्रकावर काय शेरा मारलाय, तेही फोन करून विचारा. बहुतेक ठिकाणी ‘वर्गोन्नत’ लिहिलेलं असतं आणि मग अर्धा वाद तिथेच संपतो. दाखल्यासाठी मिस्टरांची रजा काढून लगेच माण तालुक्यात, दहिवडीला धावायची गरज नाही. नव्या शाळेने शाळांच्या सरकारी सरल पोर्टलवरून मागणी टाकली की जुनी शाळा तिथेच मंजूर करते. कागद सावकाश येऊ दे.

सरांशी बोलताना मात्र कायद्याने सुरुवात करू नका. मी मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेली आहे, म्हणून सांगते. त्यांना आठवीच्या परीक्षेची काळजी आहे आणि ती खोटी नाही. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. पण त्यांनाच शांतपणे विचारा, सर, आठवीत नापास झाला तर काय होतं? उत्तर असं आहे: जादा मार्गदर्शन मिळतं, निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा होते, आणि त्यातही नाही जमलं तरच आठवीत परत बसवतात. शाळेतून काढता तर येतच नाही. म्हणजे फार तर फार त्याचं एक वर्ष जाईल, तेही दोन संधी घेऊन. सातवीत बसवून आपण तेच वर्ष आजच, एकही संधी न देता, घालवतो.

अर्ज लेखी द्या, दोन प्रती, आणि एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. त्यात एक शब्द लिहाल तेव्हा तुमचा हात अडखळेल: शाळाबाह्य. आपल्या राज्यात सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरतात. सिग्नलवर गजरे विकणाऱ्या पोरांसाठी तुम्ही तो शब्द ऐकला असेल आणि आपल्या मुलाला तो लावायचा म्हणजे पोटात तुटेल. तरी लिहा. तो शब्द लिहिला की चौथं कलम हलतं, शाळेला विशेष प्रशिक्षणाची जबाबदारी घ्यावी लागते, आणि परिसरात बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षक असतील तर त्यांच्याकडे नाव जातं. २०१७ च्या सुमारास राज्यात ही बालरक्षकांची चळवळ सुरू झाली; स्वखुशीने पुढे आलेले शिक्षक आहेत, घरी येऊन पोराशी गप्पा मारणारे. सरांना विचारा, आपल्या भागातल्या शाळांत असं कोण आहे? सर अगदीच हटून बसले तर पोच घेतलेली प्रत महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण विभागात दाखवा. बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही. पोच मागितली की आवाज बदलतो.

इथवरचं सगळं कागदावरचं. आता तुमच्या पत्रातलं, जे कागदावर आलंय आणि नाहीही.

तुम्ही चार पानं लिहिलीत. आठवीच्या परीक्षेवर एक पान, दाखल्यावर अर्धं पान, मुलाला फुटू लागलेल्या मिसरुडीवर दोन ओळी. आणि ‘एप्रिलमध्ये सासरे गेले’ हे एवढंच. तीन शब्द. त्याआधी एके ठिकाणी ओझरतं येतं की आजोबांना कूस बदलायला तो लावायचा, गोळ्यांच्या वेळा त्याला पाठ होत्या, आणि बोलणं अडखळायला लागल्यावर आजोबा काय म्हणतात ते फक्त त्यालाच कळायचं. ताई, हे तेरा वर्षांचं पोर पाच महिने एका माणसाचं बोलणं बाकीच्या घराला समजावून सांगत होतं. मग तो माणूस गेला. महिन्याभराने खोलीचं सामान टेम्पोत भरलं आणि पुण्यात आल्यावर सगळे त्याला एकच विचारतायत, सातवी की आठवी.

तो ‘आठवीतही नको’ म्हणतो ते अभ्यासाच्या भीतीने, असं तुम्ही धरून चाललात. असेलही. पण मला वाटतं, थोडं असंही असेल की गावी तो कुणाला तरी हवा होता. त्याच्यावाचून एका माणसाचं अडत होतं. वर्गात पन्नास मुलांत बसल्यावर कुणाचंच अडणार नाही. हे त्याला विचारून कळणार नाही. या वयाची मुलं समोरासमोर बसून बोलत नाहीत, शेजारी बसून बोलतात. स्कूटरवर मागे बसवून न्या, नाही तर भाजी निवडायला बसवा आणि तुम्हीच आजोबांचा विषय काढा. तुमचीही आठवण सांगा, तुमच्याही डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. जेवणखाण सुटलं, रात्ररात्र जागतोय, कशातच मन लागत नाही असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिसलं, तर सरकारची मनाच्या आरोग्यासाठीची टेलिमानस फोनसेवा आहे, १४४१६ वर. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

‘वर्ष वाया घालवलं’ हे तुमचं वाक्य मला मान्य नाही, पण त्याच्या उलट टोकालाही जाऊ नका. ‘शाळेत काय ठेवलंय, दुकानात जास्त शिकला’ असं चुलते म्हणत असतील. दोन्ही अर्धं खरं. मजा बघा, २०२० च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलंय. त्या दिवसांत मुलांनी गावातल्या सुताराकडे, माळ्याकडे, कारागिराकडे जाऊन काम शिकायचं. तुमच्या मुलाचे असे दीडशे दिवस झालेत! आणि याच पुण्यातून जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी आहे: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल, व्याकरण आणि त्याबरोबर शेतीची माहिती, नीतीचे आणि आरोग्याचे धडे. हातात काम असणाऱ्या पोराला शाळा परकी वाटू नये, ही काळजी त्या यादीत मला दिसते. मग आपण त्या पाच महिन्यांचं काय करायचं? वर्गात नेऊन वापरायचं. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात धाराविद्युत आणि चुंबकत्वाचा धडा आहे. जळलेल्या मोटारीची गुंडाळी सोडताना वेढे मोजून वहीत लिहायचे, तारेचा गेज बघायचा, तांबं तोलायचं, हे ज्याने केलंय त्याला तो धडा वर्गातल्या कुणाहीपेक्षा लवकर कळेल. विज्ञानाच्या बाईंना एवढं एकच सांगून या. पुढचं त्या बघतील.

गणिताचं मात्र तसं नाही. तिथे मला काळजी आहे, आणि तिचं कारण गेलं वर्ष नाही. हिशेब करून बघा: मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो दुसरी संपवत होता. म्हणजे तिसरी पूर्ण आणि चौथीचाही मोठा भाग घरात, मोबाइलवर. भागाकार आणि अपूर्णांक याच वयात पक्के होतात. जुलै २०२१ मध्ये पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला होता, तोही बहुतेकांनी मोबाइलच्या पडद्यावरच पाहिला. तुमच्या मुलाची शाळेतली ही दुसरी वापसी आहे, आणि पहिल्या वापसीची बाकी अजून फिटलेली नसण्याची शक्यता मोठी आहे. आठवीच्या गणिताचा पहिलाच धडा परिमेय आणि अपरिमेय संख्यांचा. अपूर्णांक कच्चे असतील तर पोरगं पहिल्याच पानावर ठेचकाळतं, आणि घरचे म्हणतात, बघा, गावी गेला म्हणून झालं.

तेव्हा रविवारी एक तास काढा. बालभारतीची सगळी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. चौथीचं आणि पाचवीचं गणित घ्या. त्याला तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगा. मग पाऊण आणि दोन तृतीयांश यांत मोठं कोणतं ते विचारा. मराठीच्या पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायला द्या. कुठे अडतो ते गुपचूप लिहून ठेवा, तोंड वाकडं करू नका. जिथे अडेल तिथून सुरू करायचं, मग ते चौथीचं पुस्तक का असेना. रोज चाळीस मिनिटं, दोन महिने. पुस्तकाला कव्हर घाला म्हणजे ‘इयत्ता चौथी’ हे छापलेलं दिसणार नाही. हसू नका, या कव्हरने मी अनेक मुलं वाचवली आहेत.

सेमी इंग्रजीचीही एक गाठ आहे. गावी थोडे दिवस का होईना, गणित-विज्ञान मराठीत झालं. एक छोटी वही करा, पानाच्या मध्ये रेघ. डावीकडे छेद, उजवीकडे डिनॉमिनेटर. डावीकडे घनफळ, उजवीकडे व्हॉल्यूम. रोज पाच शब्द. शाळेत मराठी माध्यमाचीही तुकडी असेल तर तिथे बसवायचं का, हा विचार दिवाळीच्या सुट्टीत करा, आत्ता नको.

आता माझी एक चूक सांगते. खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी नऊ महिन्यांनी परत आली. आईला क्षयरोग झाला होता, धाकटी भावंडं हिने सांभाळली. प्रवेश झाला, गणवेश मिळाला, पुस्तकं मिळाली. मला वाटलं, झालं आपलं काम. हजेरीपटावर तिचं नाव सगळ्यांत शेवटी लिहिलं, कारण उशिरा आलेल्या मुलांचं नाव शेवटीच लिहायचं असतं. तिचं आडनाव ‘अ’वरून. पहिलीपासून मुलींमध्ये तिचा नंबर दुसरा. चौथ्या दिवशी मी हजेरी घेताना दुसरा नंबर पुकारला आणि सवयीने तीच ‘हजर’ म्हणाली. दुसरीही एक मुलगी म्हणाली. वर्ग खदखदून हसला, मीसुद्धा थोडं हसले. पाचव्या दिवशी ती आली नाही. संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती चूल फुंकत होती, वर न बघता म्हणाली, “बाई, माझा नंबर गेला.”

हजेरीपट मध्येच बदलता येत नाही, कार्यालय मान्य करत नाही. मग मी दुसऱ्या दिवसापासून हजेरी खालून वर घ्यायला लागले. वर्षभर. पहिलं नाव तिचं.

म्हणून सांगते, पहिले पंधरा दिवस अभ्यासापेक्षा अशा गोष्टींवर लक्ष ठेवा. वर्गशिक्षकांना आधीच भेटून विचारा, तो कुणाशेजारी बसेल? जुन्या तुकडीतला एखादा मित्र अजून संपर्कात असेल तर त्याच्या आईला फोन करा, पहिल्या दिवशी दोघं बरोबर जातील असं बघा. ‘कुठे होतास रे?’ हे सगळेच विचारणार, त्याचं एका वाक्याचं उत्तर घरी ठरवून ठेवा. ‘आजोबा आजारी होते, गावी होतो.’ बास. लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण तयार उत्तर नसलं की मुलं भलतंच काही सांगतात आणि मग ते निस्तरत बसतात.

क्लासवाल्यांच्या सतरा नंबर फॉर्मविषयी फार लिहीत नाही. तो आहे, कायदेशीर आहे, चौदा पूर्ण आणि पाचवी पास असलं की दहावीला बसता येतं. राज्याने २०१७ मध्ये मुक्त विद्यालय मंडळही काढलं, तिथे पाचवी, आठवी, दहावीच्या परीक्षा होतात. ज्यांची शाळा नववीनंतर सुटली, ज्यांना दिवसा काम सोडता येत नाही, ज्या मुलींना घरातून निघणंच मुश्कील आहे, त्यांच्यासाठी हे रस्ते फार मोलाचे आहेत. असं मूल तुमच्या घरात असेल तर तो फॉर्म जरूर बघा, कारण आठवीच्या पुढे शिक्षण हक्क कायदा सोबत येत नाही. पण तेरा वर्षांच्या, शाळा हाकेच्या अंतरावर असलेल्या मुलाला त्या वाटेला लावायचं म्हणजे त्याचे मित्र, मैदान आणि मधली सुट्टी काढून घेऊन हातात फक्त परीक्षा ठेवायची. क्लासला फी मिळते, हे वेगळं सांगायला नको.

ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा तुमच्यासारखं अचानक गावी जावं लागणाऱ्यांसाठी एक ओळ: निघण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. मूल कोणत्या वर्गात आहे, कुठवर शिकलंय हे त्यावर असतं, आणि नव्या गावच्या शाळेत तेवढ्यावर बसता येतं. दाखला काढायची घाई करू नका.

तुमच्या मिस्टरांचा पत्रात उल्लेख फक्त नोकरीपुरता आहे. सोमवारी एक तास उशिरा गेले तर चालेल का, बघा. शाळेत दोघं गेलात तर बरं. तिघं गेलात तर उत्तम: मुलालाही न्या, आणि मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवून ठेवू नका. आत घ्या, तुमच्या शेजारच्या खुर्चीवर, म्हणजे त्याच्याबद्दल जे काही बोललं जाईल ते त्याच्यासमोर बोललं जाईल. अर्जावर पालकाची सही झाली की खाली त्यालाही नाव लिहायला सांगा, त्याच्याच अक्षरात.